पाइनच्या जंगलात कॅमेरा न्यावा की रेकॉर्डर?

डोंगरावरच्या पाइनच्या जंगलात पक्षी दिसतात कमी, ऐकू येतात जास्त. त्यामुळे दुर्बिणीच्या जोडीला लांब लेन्सचा कॅमेरा घ्यावा की रेकॉर्डर, हा प्रश्न पडतोच. दोन्ही खांद्याला अडकवून चढायची हौस मी एका हंगामात भागवून घेतली.

पिसाऱ्याचे बारकावे, वय, नर की मादी, हे फोटोतच नीट कळतं. क्रॉसबिल आपली कात्रीसारखी चोच शंकूत घालून बी कसं उचकटतो, ते आवाजात कुठून येणार? शिवाय फोटो दाखवला की वाद मिटतो.

पण पाइनच्या पानांच्या त्या सुया! गोल्डक्रेस्ट, जेमतेम ५-६ ग्रॅमचा जीव, फांदीच्या टोकाला क्षणभर उलटा लटकला. लेन्स पुढेमागे घरघरली आणि थांबली ती अलीकडच्या झुपक्यावर. घरी येऊन पाहतो तर सुया एकेक मोजाव्यात इतक्या लख्ख, मागे हिरवट डाग. असे डाग माझ्याकडे ढिगाने आहेत. हाताने फोकस करावा तर तोवर पक्षी पुढच्या झाडावर. कदाचित माझाच हात संथ असेल.

रेकॉर्डरला सुया आड येत नाहीत, पण वारा सुटला की त्याच घोंघावतात. केसाळ टोपीने माइकवर आदळणारा वारा अडतो, झाडातला नाही. म्हणून वारा सुटायच्या आत, भल्या पहाटे जावं लागतं. गोल्डक्रेस्टची चिवचिव मात्र ७-८ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे फार उंच पट्टीत असते, या घोंघाटाच्या बरीच वर. खालच्या पट्टीतले आवाज गाळणारा फिल्टर लावला की बऱ्यापैकी सुटी होते. माझ्या कानांनी ती पट्टी केव्हाच सोडली. एका सकाळी जंगल मुकं वाटलं म्हणून चरफडत परतलो. संगणकावर ध्वनिआलेख, म्हणजे उंच आवाज वर आणि खालचे खाली दाखवणारं आवाजाचं चित्र, उघडला तर वरच्या बाजूला बारीक टाचण्या टोचल्यासारख्या रेघांची रांग. पक्षी डोक्यावरच होते.

तुमचा जीव पिसांत रमत असेल तर कॅमेराच घ्या, मी अडवणार नाही. माझा कॅमेरा आता बहुतेक घरीच असतो.

रेकॉर्डर घेतलात तर फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, एमपीथ्री नको, त्यात आवाज दाबून बारकावे गाळले जातात. आणि बटण बंद करण्याआधी तारीख, वेळ, जागा हळूच बोलून ठेवा. पहिल्या वर्षी मी आळस केला. त्या फायलींतला एक पक्षी कुठल्या उतारावर ओरडत होता, ते मला अजून आठवत नाही.