मरळसाठी घेतलं जिग, लागतोय खरपा

पाकिटावर मरळचा फोटो होता, तोंड उघडून ल्युअरवर म्हंजे खोट्या आमिषावर झेपावणारा, तो बघून घेतलं हे आधीच कबूल करतो. सॉफ्ट ल्युअरचा सेट आहे, ३ इंची रबराचे १० मासे, शेपटी पॅडलसारखी, आणि ७ ग्रॅमची ५ जिग हेड, म्हंजे हुक बसवलेली शिशाची डोकी. ऑनलाइन ३४९ रुपयांना पडला. ब्रँडचं नाव देत नाही कारण पुढं जरा शिव्या पण आहेत, पण असले सेट सगळीकडं सारखेच मिळतात त्यामुळं ज्याला घ्यायचाय त्याला उपयोग होईल.

चार सकाळी सांगलीजवळ हरिपूरला संगमाच्या अलीकडं वापरला. कृष्णेत वारणा मिळते तिथं पाणी जरा वळतं आणि तळाला वाळू, मधेच खडक, मधेच पुरानं आणून टाकलेला कचरा. मरळ किती? शून्य. एकसुद्धा नाही. आता त्यात ल्युअरची चूक नाही हे मला नंतर कळलं. मरळ श्वास घ्यायला वर येतो, काठाच्या गवतात, जलपर्णीच्या कडेला असतो, त्याला वर वर चालणारा बेडूक पाहिजे. ७ ग्रॅमचं शिशाचं डोकं पाण्यात पडलं की सरळ तळाला बसतं. म्हंजे मी पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याला तळघरात जाऊन हाका मारत होतो.

पहिल्या दिवशी तासभर असंच चाललं, टाक, ओढ, टाक, ओढ. मग कंटाळून रील थांबवलं आणि चहाचा थर्मास उघडायला लागलो, ल्युअर तळाला पडून होतं, लाइन सैल. रॉड परत उचलला तर टक्क. एकदम दगडाला अडकल्यासारखं, आणि मग दगड हलला. वर काढला तर वीतभर मातकट रंगाचा मासा, अंगावर काळपट डाग, डोळे डोक्यावर जवळजवळ चिकटवलेले, खालचा जबडा पुढं आलेला आणि ३ इंचाचं रबर अर्ध्याच्या वर तोंडात. मी म्हटलं हे काय आलं. बाजूला जाळं सुकवत एक भोई तात्या बसले होते, ते हसायलाच लागले. "आरं पोरा, खरपा हाय ह्यो. लय भांडखोर जात. पाय बुडवून बसलास तर बोट सुदिक चावंल." बोटाचं मला माहीत नाही पण भांडखोर हे खरं, कारण त्यानंतर त्याच जागेत आणखी दोन मिळाले, एक तर माझ्या रबरापेक्षा जेमतेम दुप्पट.

इंग्रजीत ह्याला टँक गोबी म्हणतात. हा उलटा करून बघा, पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले असतात. वाळूत अंग दाबून पडून राहतो, कोळंबी, किडे, बारके मासे जे समोरून जाईल त्यावर झडप, स्वतःच्या जातीची पिल्लं पण सोडत नाही. नर अंड्यांची राखण करतो, त्या दिवसांत जवळ जे येईल त्याला हाणणार. म्हंजे भूक नसली तरी राग असतो, आणि ल्युअरवाल्याला दोन्ही चालतात.

एकदा हे डोक्यात बसलं की ल्युअर वापरायची पद्धतच बदलली. कास्ट करायची म्हंजे ल्युअर लांब फेकायचं, लाइन सैल पडेपर्यंत थांबायचं म्हंजे तळाला लागलं समजायचं. मग रॉडचं टोक हळूच फूटभर उचलायचं आणि परत खाली सोडायचं. ल्युअर उडी मारतं, पडताना मातीचा छोटा धुरळा उठतो, शेपटी थरथरते. दहातले आठ स्ट्राइक, म्हंजे माशाच्या झडपा, ते पडत असतानाच आले. गढूळ पाण्यात माशाला दिसत काही नाही तरी थरथर अंगाला जाणवते, त्यामुळं पॅडल शेपटीला इथं मार्क द्यावेच लागतील. सेटमधली ही एक गोष्ट नाद खुळा आहे, अगदी हळू ओढलं तरी शेपटी चालते. हुकाचं टोक पण वरच्या बाजूला राहतं म्हणून खडकात कमी अडकतं. कमी म्हणतोय, अडकतच नाही असं नाही. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, त्या पुरानं काय काय नदीत ओढून आणलं असंल देव जाणे. पाचातली दोन हेड तिथंच राहिली, एकदा तर आख्खी साडी ओढून काढली.

तिसऱ्या सकाळी मोठा धक्का बसला. ल्युअर तळाला टेकलं आणि टक्क बिक्क काही नाही, नुसतं जड. मग ते जड नदीच्या मधोमध चालायला लागलं, रीलचा ड्रॅग, म्हंजे लाइन सोडणारा ब्रेक, करकरतोय. दहा मिनिटांनी काठाला आला शिंगाळा, लांब मिशा, शेपटीकडच्या मांसल परावर काळा ठिपका, दोन किलोच्या आसपास. आणि इथंच सेटची इज्जत गेली. हुक जवळजवळ सरळ झालं होतं! अजून एक झटका आणि गेला असता. दुसऱ्या हेडवर एक शिवडा लागला होता तो तर गेलाच, हुक उघडून. त्याचं तोंड डोळ्यांच्या मागपर्यंत फाटलेलं असतं, एकदा पाण्याबाहेर दिसला आणि संपलं. गेला ते बरंच झालं म्हणा, शिवडा आता आययूसीएन ह्या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या यादीत धोक्यातल्या जातींमध्ये आहे, मी सोडलाच असता. पण सोडणं आणि सुटणं ह्यात फरक असतो राव.

बाकी तक्रारी पटकन सांगतो. हेडच्या कडीत रंग भरून गोठलेला, सुईनं टोकरून काढल्याशिवाय लाइन जात नाही. दोन सकाळीत डोळ्याचा रंग उडाला, माशांना काही फरक पडला नाही. खरप्याच्या दातांनी चार रबरं शेपटीजवळ फाटली. विकणाऱ्याला वाकलेल्या हुकाचा फोटो पाठवला तर उत्तर आलं की "मोठ्या माशासाठी प्रॉडक्ट नाही", मग पाकिटावर एवढा थोरला मरळ कशाला छापला भावा?

एक सांगायचं राहिलं, शिंगाळा हातात धरताना सांभाळून. पाठीचा आणि बाजूचे काटे ताठ करून तो लॉक करतो, दाबून बसत नाहीत. माझ्या तळव्यात घुसला, दुपारपर्यंत ठणकत होतं. टॉवेल आणि लांब पक्कड पाहिजेच. आणि कृष्णेत मगरी आहेत, विशेषतः औदुंबर, भिलवडीच्या बाजूला, म्हणून गुडघाभर पाण्यात उभं राहून कास्ट मारायची हौस करू नका. धरणावर जाणार असाल तर आधी विचारा, बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका संस्थेकडं असतो.

मरळसाठी घेत असाल तर ५ पैकी १. तळाच्या माशांसाठी रबराला ४, हुकाला दीड. पुढच्या वेळी मी फक्त रबरं घेणार, हेड सांगलीतल्या दुकानातून जाड तारेची, आणि धार वाढली तर १० ग्रॅमची. तात्यांना दोन रबरं दिलीत, ते म्हणाले "गांडूळ फुकट मिळतंय की रं", पण खिशात ठेवली.