टेली मानस 14416, फौजी घरातल्या बायकांनी एकदा लावून बघावा

आमचे हे हवालदार म्हणून रिटायर झालेत, काश्मीरमधे बरीच वर्षं काढली, आता विजापूर रोडला घर आहे, पेन्शन आहे, कॅन्टीन कार्ड आहे, बघणाऱ्याला वाटतं मजा आहे बाई तुमची. पण गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं ना, अख्खं सोलापूर तिकडं पळतं आणि आमच्याकडं खिडक्या लावून टीव्हीचा आवाज मोठा करून बसायचं. हॉटेलात गेलं की भिंतीला पाठ, तोंड दाराकडं. पोराच्या हातनं ताट पडलं तर पोरगं आधी बापाच्या तोंडाकडं बघतं.

आधी एका डॉक्टरकडं नेलेलं (नाव नको), पाच मिनिटात झोपेच्या गोळ्या, वर "फौजी माणूस असून घाबरता काय". मग काय, हे परत जातायत होय.

तर 14416, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची टेली मानस हेल्पलाईन. फुकट आहे, 24 तास चालू, भाषा विचारतात तिथं मराठी घ्यायचं. केंद्र सरकारचं आहे, ऑक्टोबर 2022 पासून, आणि डिसेंबर 2023 मधे लष्करवाल्यांसाठी न् त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीत (लष्कराचं मेडिकल कॉलेज) वेगळा सेलपण काढलाय. फोन मीच लावला, हे "मी काय येडाय का" म्हणून उठून गेले.

पलीकडच्या ताईंनी घाई केली नाही. त्यांनी सांगितलं ह्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला होणारा त्रास, धोका संपला तरी शरीर पहाऱ्यावरच राहतं, मग झोपेत ओरडणं, चिडणं, माणसांत न मिसळणं, घरच्यांशी कोरडं वागणं हे सगळं त्यातलंच, भित्रेपणा नाही. रात्री दचकून उठले तर अंगाला हात लावायचा नाही, लांबनं नाव घेऊन हाक मारायची, लाईट लावायचा, "तुम्ही घरी आहात, सोलापुरात" असं सांगायचं. हे लई कामाला आलं बघा. तिथं काय झालं ते खोदून विचारायचं नाही, आणि रात्रीची रम झोपेसाठी म्हणून घेतात पण त्यानं झोप अजून बिघडते हेही सांगितलं. मग मला विचारलं तुम्ही कधी झोपता. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, सासूबाईंनी तर नाहीच.

फोनवर हा आजार बरा होत नाही, ते त्यांनीच स्पष्ट सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञ पाहिजेच, त्या आघातावरची थेरपी पाहिजे, गरज पडली तर औषध. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, नाहीतर ईसीएचएस (माजी सैनिकांची उपचार योजना) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधनं रेफर करून घ्या, डिस्चार्ज बुक न् जुने मेडिकलचे कागद एकाच फाईलीत लावून न्या. हे आता येतात, आधी बाहेर गाडीवरच बसून राहतात, नंबर पुकारला की आत.

फोन दुपारी लावा, माणूस बाहेर गेल्यावर, म्हणजे मोकळं बोलता येतं.