सॅटेलाइट मेसेंजर: तीन सीझन वापरून, आणि एकदा खरंच एसओएस दाबून

तीन सीझन झाले, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला हे अडकवलेलं असतं: उपग्रहातून मेसेज आणि मदतीची हाक पाठवणारं छोटं यंत्र. मुठीत मावतं, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. ब्रँड लिहीत नाही, कारण सांगायचंय ते या प्रकारच्या सगळ्याच यंत्रांना लागू आहे, आणि त्यातलं निम्मं तर यंत्राबद्दल नाहीच, आपल्या क्लाइंबर लोकांबद्दल आहे.

मोबाइल टॉवरशी याचा काही संबंध नाही. माझं इरिडियमवर चालतं, म्हणजे साधारण ७८० किलोमीटरवरून फिरणारे ६६ उपग्रह. अट एकच, डोक्यावर आकाश मोकळं हवं. कड्याला चिकटून किंवा अरुंद घळीत उभं राहिलं की मेसेज अडकतो, कधी पाच मिनिटं, कधी वीस. याच्या आधीपासूनचं पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन) असतं, ४०६ मेगाहर्ट्झवर सिग्नल सोडणारं, त्याला वर्गणी नाही आणि बॅटरी वर्षानुवर्षं टिकते, पण ते एकतर्फी. तुमची हाक पोचली, पुढे काय चाललंय ते तुम्हाला कळत नाही. मेसेंजरवर उत्तर येतं, आणि माझ्या मते पैसे त्या उत्तराचेच आहेत. (काही देशांत परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे, भारतही त्यात येतो, त्यामुळे जिथे जाताय तिथला नियम आधी बघा.)

गेल्या सीझनला उतरताना माझ्या रोप पार्टनरचा, म्हणजे एकाच दोराला बांधून सोबत चढणाऱ्या जोडीदाराचा, पाय दगडात अडकून वळला. मी त्याला दादा म्हणतो, माझ्यापेक्षा खूप वर्षं जास्त चढलाय. बूट काढला तर घोटा असा सुजलेला की परत बूट चढेना. मी मेसेंजरला हात घातला तर म्हणाला, "थांब रे, दाबू नकोस. उद्या सगळीकडे फिरेल, झेपत नाही तर जातात कशाला म्हणून." दुखण्यापेक्षा त्याला कमेंट्सची भीती जास्त होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती. आम्ही दोन तास घालवले. एका पायावर उतरवायचा प्रयत्न केला, रोपवर खाली सोडून बघितलं, जेमतेम पन्नास मीटर सरकलो आणि ऊन गेलं.

मग दाबलं. बटणावर झाकण असतं, ते उचलून काही सेकंद दाबून धरायचं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. मी दाताने हातमोजा ओढून काढला होता तरी बोटाला काही जाणवत नव्हतं. नऊ मिनिटांनी एसओएस केंद्राकडून उत्तर आलं: किती जण आहात, दुखापत काय, चालता येतंय का, गरम कपडे आहेत का. एरवी यंत्राला जोडलेल्या फोनवर टाइप करता येतं, पण फोन बंद पडला होता म्हणून एकेक अक्षर बटणांनी शोधत टाइप केलं, गारठलेल्या बोटांनी ते फार जीवघेणं होतं. पण दादाला मी प्रत्येक मेसेज वाचून दाखवत होतो आणि "टीम निघाली" हे वाचल्यावर त्याचा श्वास संथ झालेला मला दिसला.

टीम अंधारात आली, हेडटॉर्चची रांग खालून वर. सगळे व्हॉलंटिअर, दिवसभर नोकरी करून आलेले. त्यांचा लीडर दादाच्या पायाला स्प्लिंट बांधता बांधता एवढंच म्हणाला की दोन तास आधी कळवलं असतं तर आम्ही उजेडात आलो असतो. ओरडला नाही, टोमणा नाही. आम्ही ज्या लाजेपायी थांबलो तिची किंमत अंधारात निसरड्या खडकावर त्या सात जणांनी मोजली.

आता लाइव्ह ट्रॅकिंग. यात एक लिंक बनते, ती उघडली की तुमचा ठिपका नकाशावर सरकताना दिसतो. आम्ही ती ग्रुपवर टाकली होती. ठिपका थांबला, एकाने स्क्रीनशॉट काढून "अपघात झालाय, प्रार्थना करा" अशी पोस्ट टाकली, नावासकट. दादाच्या आईला त्या पोस्टवरून कळलं, आमच्या मेसेजच्या आधी, आणि कोणी जिवंत आहे की नाही हेही त्यात नव्हतं. पोस्ट करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्या माऊलीची रात्र मात्र तशीच गेली.

सोशल मीडिया सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये पाकिस्तानातल्या नंगा पर्बतवर फ्रेंच गिर्यारोहक एलिझाबेथ रेव्होल अडकली तेव्हा ती अशाच यंत्रावरून मेसेज करत होती, हेलिकॉप्टरसाठी जगभरातल्या लोकांनी ऑनलाइन पैसे जमवले, आणि केटूच्या हिवाळी मोहिमेवरचे डेनिस उरुब्को आणि अ‍ॅडम बिएलेत्स्की रात्रभर चढून तिच्यापर्यंत पोचले. तिचा साथीदार टोमाश मात्स्किएविच वरच राहिला, त्याला वाचवता आलं नाही. उलट मे २०२३ मध्ये एव्हरेस्टवर गेल्जे शेर्पाने स्वतःच्या क्लायंटला शिखर सोडायला लावून एका मलेशियन गिर्यारोहकाला डेथ झोनमधून (आठ हजार मीटरच्या वर, जिथे ऑक्सिजन फार कमी) सुमारे सहा तास पाठीवरून, ओढत खाली आणलं, आणि नंतर त्या गिर्यारोहकाच्या पोस्टमध्ये स्पॉन्सरचे आभार होते, गेल्जेचं नाव नव्हतं. लोक चिडले तेव्हा कुठे ते आलं. मला ते वाचून राग आला होता, अजूनही येतो.

घेणार असाल तर दोन गोष्टी घरीच करा. मोकळ्या जागी उभं राहून टेस्ट मेसेज पाठवा, किती वेळ लागतो ते हाताला कळू दे. आणि शिट्टी किंवा टॉर्चचा जुना सिग्नल विसरू नका, मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून परत, समोरून मिनिटाला तीन आले की समजायचं ऐकलंय. बॅटरी संपल्यावर तेच उरतं.

प्लॅन मी पुढच्या सीझनसाठी रिन्यू केलाय. लिंक आता फक्त दोघींकडे जाते, माझ्या बायकोकडे आणि दादाच्या आईकडे. ठिपका थांबला तर किती वेळ वाट बघायची आणि मग कोणाला फोन करायचा हे दोघींना कागदावर लिहून दिलंय. दादाने स्वतःसाठी वेगळं यंत्र घेतलंय.