अशांत राज्यात निवडणूक लगेच घ्यावी की थांबावं? आसाम आणि पंजाब शेजारी ठेवून बघा

मणिपूरचा विषय निघाला की दोनच गट पडतात, एक म्हणतो आधी शांतता मग मतदान, दुसरा म्हणतो मतदान घ्या, शांतता येते मागून. तुमचं अजून ठरत नसेल तर ही दोन जुनी उदाहरणं बघा.

आसाम, फेब्रुवारी १९८३. घुसखोरांची नावं मतदार यादीतून काढा म्हणून आसू या विद्यार्थी संघटनेचं आंदोलन पेटलेलं आणि इंदिरा गांधींच्या सरकारने निवडणूक लावली ती १९७९ च्याच याद्यांवर, म्हणजे भांडण ज्यावरून तेच पुन्हा पुढ्यात! कारण काय, तर राष्ट्रपती राजवट वर्षाच्या पुढे न्यायची तर घटनादुरुस्ती लागते. बहिष्कार झाला, मतदान जेमतेम ३३ टक्क्यांच्या आसपास, आणि १८ फेब्रुवारीला नेल्लीत काही तासांत सरकारी आकड्यानेच १८०० च्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक बंगाली मुसलमान, त्यात बायकामुलं खूप. १९८५ मध्ये करार झाला, त्या विधानसभेची मुदत संपायच्या आतच परत निवडणूक घेतली आणि आंदोलनवालेच सत्तेत आले.

पंजाबात उलट, १९८७ पासून राष्ट्रपती राजवट लांबवत नेली, त्यासाठी घटना पुन्हा पुन्हा बदलली. जून १९९१ ची निवडणूक लागली, खलिस्तानी अतिरेक्यांनी वीसच्या वर उमेदवार मारले तरी प्रचार चालू, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी ती पुढे ढकलली. राज्यपाल मल्होत्रा यांनी वैतागून राजीनामा दिला. गंमत बघा, जूनमध्ये काँग्रेसचा बहिष्कार होता आणि निवडणूक पुढे गेली त्याच दिवशी दिल्लीत नरसिंह रावांचं सरकार आलं (गृहमंत्री आपले शंकरराव चव्हाण). फेब्रुवारी १९९२ ला मतदान झालं तेव्हा काँग्रेस मैदानात आणि अकालींचे मोठे गट बाहेर, मतदान २४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आसामपेक्षाही कमी, मुख्यमंत्री बेअंत सिंग.

तरी १९९३ च्या पंचायत निवडणुकीत ८० टक्क्यांच्या वर लोक आले, म्हणून पंजाब यशस्वी असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं, कारण मधल्या काळात पोलिसांनी काय काय केलं, किती तरुण गायब झाले तेही त्याच हिशोबात धरावं लागतं, आणि १९९५ ला बेअंत सिंगांचीही हत्या झालीच.

त्यामुळे मी टक्केवारी बघतच नाही, ठरलेल्या तारखेला कोण बाहेर राहतंय आणि यादीवर भांडण आहे का एवढंच बघतो. यादीवरच भांडण असेल तर थांबा, मी आसामात थांबलो असतो. पंजाबात मात्र जून १९९१ लाच मतदान होऊ दिलं असतं, उमेदवार जीव मुठीत धरून उभे होते.