एक उन्हाळा काढल्यावर नर्सरीचा रिव्ह्यू

झाड आणलं अन् दुसऱ्या दिवशी पाच स्टार, असं मी करत नाही, आधी आपल्या वर्ध्याकडचा मे महिना काढू दे म्हटलं. तर काढला.

मागच्या पोळ्याला बाजारातून येता येता रोडवरच्या हिरव्या नेटवाल्या नर्सरीत थांबलो. दोन बटमोगरे, एक मधुमालती अन् मे फ्लॉवरच्या चार पिशव्या, सगळे मिळून ४२० रुपये. मला एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहणारं पाहिजे होतं, तर तिथल्या काकांनी महागाचे गुलाब दाखवलेच नाहीत, म्हणे "ताई, उन्हानं जळले का मंग मलेच शिव्या द्यान." हे आवडलं.

मोगऱ्याचं त्यांनीच सांगितलं, संक्रांत झाली की पाणी तोडा, पानं गळली की हातभर ठेवून छाटा, बुडाशी शेणखत अन् मूठभर निंबोळी पेंड. मला तर वाटलं झाड मारलंच आपण. पण मार्चमध्ये फूट आली अन् एप्रिलपासून रोज संध्याकाळी ओंजळभर कळ्या, सासूबाई चारपाच माठात टाकतात, बाकी ताटलीत कूलरसमोर. लाईट गेली की गरमीत नुसत्या वासावर बसून राहायचं.

मे फ्लॉवर म्हणजे कांद्यासारखा मातीतला कंद हो. थंडीत पानं वाळून गेली, पोरगा रिकामी कुंडी समजून उलटी करून राहिला होता, वेळेवर पाह्यलं म्हणून वाचली. मे मध्ये पान ना काही, सरळ दांडा वर अन् त्यावर लाल गोळा, बारीक बारीक शंभरावर फुलं एकात, टोकाला पिवळे ठिपके. शेजारच्या काकू म्हणे "प्लॅस्टिकचं लावलं का वो बाई?" चारपैकी तीन फुलले, आठवडाभर टिकले.

आता तक्रार. मधुमालतीच्या मुळाशी लाल चिकण मातीचा गोळा, वाळून वीट झालेला. आपल्या काळ्या मातीत लावलं, रोज बादलीभर पाणी, तरी झाड पिवळंच. एप्रिलमध्ये उकरलं तर बाहेर चिखल अन् गोळा आतून कोरडा! आंध्रातून येणाऱ्या झाडांना असेच गोळे असतात म्हणे, पण मग विकतानाच सांगायला काय जाते, की बादलीत भिजवून हातानं फोडा? बदलून नाही दिलं, दुसरं निम्म्या भावात दिलं. मोगऱ्याला पाच, या गोळ्याला दोन.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला की चाफा आणायला जाणार आहे, तेही सकाळी आठच्या आत, गाडीवर उन्हातून आणलं तर पानं रस्त्यातच उकडतात.