बदामाचा बहर की ट्युलिप?

चुलतबहिणीला श्रीनगरचा वसंत पाहायचाय, पण सुट्टी एकदाच मिळणार. बदामवारी ही बदामाची बाग गाठावी की ट्युलिप बाग?

२१ डिसेंबरपासून चिल्ले कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस, मागून आणखी ३० दिवसांची थंडी. एवढं सोसून काश्मिरात आधी फुलतो तो बदाम, हरी पर्वताच्या पायथ्याशी, बदामवारीत, साधारण मार्चच्या मध्यास. पानांआधीच फांद्यांवर पांढरी-गुलाबी फुलं. बहर जेमतेम दोन आठवडे, त्यात जोराचा पाऊस आला की पाकळ्या खाली. गारठाही असतोच. पण समोवारातला (चहा उकळायच्या धातूच्या भांड्यातला) मिठाचा चहा घेऊन बसलेली तिथली कुटुंबं इथे दिसतात, आणि माझं मन तिकडेच ओढ घेतं.

ट्युलिप बाग झबरवान डोंगराच्या उतारावर आहे. देखणी आहेच, गर्दी मात्र बहुतेक आपल्यासारख्या पर्यटकांची. मार्चअखेरीपासून वेगवेगळ्या जाती टप्प्याटप्प्याने फुलतात, त्यामुळे तारीख थोडी चुकली तरी निभावतं. तिकिटाचा खर्च किरकोळ; खोल्या मात्र या दिवसांत महागतात.

आईबाबा सोबत आणि विमानाची तिकिटं आधीच काढलेली, तर ट्युलिप. एकटीच जाणार, तारखा मागेपुढे करता येणार आणि स्वेटरचं ओझं चालणार असेल, तर बदाम.