पावतीवर ‘देणगी’ लिहिलेलं असतं

पावती हातात घेऊन नीट पाहा. वर वृद्धाश्रमाचं नाव, शेजारी उगवत्या सूर्याचं चित्र, खाली नोंदणी क्रमांक. मधे ‘यांजकडून रुपये ४,००,००० मिळाले’ आणि ‘हस्ते’च्या शेजारी बारीक ठशात तीन अक्षरी शब्द : देणगी. घरच्यांना मात्र तोंडी सांगितलेलं असतं की ही अनामत आहे, आईला परत न्याल त्या दिवशी मिळेल. सहा महिन्यांनी आईला घरी आणायची वेळ येते तेव्हा ऑफिसातला माणूस हीच पावती पुढे सरकवतो आणि विचारतो, ‘दान दिलेलं कोणी परत मागतं का?’

वृद्धाश्रम, सीनियर लिव्हिंग, ‘ज्येष्ठांचं गोकुळ’ अशी नावं बदलत राहतात. फसवायची पद्धत फारशी बदलत नाही. ती टप्प्याटप्प्याने सांगतो. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये ज्यांच्या घरी सध्या ही चर्चा चालू आहे त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं.

गिऱ्हाईक हेरणं खानदेशात अवघड नाही. भुसावळचा रेल्वे पेन्शनर, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून किंवा दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला माणूस, जिल्हा परिषदेचे गुरुजी, रावेर-यावलकडचं केळीवालं घर. हातात फंडाचा पैसा, पोरं पुण्याला नाहीतर सुरतेला. रविवारी गाडी घरी येते, जागा दाखवतात, भरीत-भाकरी जेवायला घालतात. निघताना ‘चारच खोल्या उरल्यात, आज ५१,००० टाकले तर जुना भाव’ असं सांगतात. जिथे खरोखर जागा कमी असते तिथले लोक आधी आईच्या आजारांची फाइल मागतात. बुकिंगची घाई ते करत नाहीत.

सगळ्यात मोठं आमिष असतं आजीव योजनेचं. ‘१५ लाख एकदाच ठेवा. व्याजावर आई शेवटपर्यंत सांभाळू, मुद्दल वारसांना परत.’ हे गणित घरी कागदावर मांडून पाहा. १५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला १,०५,००० म्हणजे महिन्याला ८,७५० रुपये येतात. आता अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा खर्च हात आखडून धरा. सहा माणसांमागे दिवसपाळी-रात्रपाळीच्या दोन आया, प्रत्येकी १२,००० पगार, म्हणजे माणशी ४,०००. जेवण-चहा दिवसाला १०० रुपये, म्हणजे ३,०००. दिवसाला तीन डायपर, ३० रुपयांचा एक, म्हणजे २,७००. झाले ९,७००. यात अजून नर्स नाही, डॉक्टर नाही, औषध नाही, लाइट बिल नाही, जागेचं भाडं नाही. मग आईला सांभाळायचे पैसे येतात कुठून? नव्या ठेवीदाराकडून. नवे येणं थांबलं की जेवणातली डाळ पातळ होते, आया कमी होतात आणि एक दिवस ऑफिसला कुलूप दिसतं. पतसंस्थांमध्ये पैसे अडकलेली घरं आपल्याकडे गावोगाव आहेत. ही त्याच जातीची योजना आहे, फक्त पाटी वेगळी.

त्यापेक्षा मुद्दल आईच्या नावावरच राहू द्या. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर २०२५ साली ८.२ टक्के होता. त्या दराने १५ लाखांवर दर तिमाहीला ३०,७५० रुपये खात्यावर येतात. त्यातून आश्रमाचं दरमहा बिल भरा, कमी पडेल ते मुलांनी घाला. सेवा बिघडली तर पुढचा महिना थांबवता येतो. ही एक ताकद हातात राहिली की तुमच्या तक्रारीला वजन येतं. एकरकमी पैसे दिले की ती ताकद गेली.

अनामत असतेच, ती साधारण दोन-तीन महिन्यांच्या शुल्काएवढी असावी. पावतीवर ‘परतावा अनामत’ हेच शब्द हवेत. पैसे चेकने किंवा बँकेतून, संस्थेच्याच नावे द्या, संचालकाच्या किंवा ‘व्यवस्थापक ताईं’च्या फोनवर नाही. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. म्हणून ‘अर्धे रोख द्या, टॅक्स वाचेल’ म्हणणारा माणूस तुमचा पुरावा पुसत असतो. बिलात जीएसटी लावला असेल तर थांबा. आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंद असलेल्या संस्थेने ६० वर्षांवरच्या रहिवाशाकडून महिना २५,००० पर्यंत घेतले, तर राहणं-जेवण-देखभालीवर जीएसटी माफ आहे. एकीकडे ‘आम्ही धर्मादाय’ आणि दुसरीकडे १८ टक्के, या दोन्ही गोष्टी २५,००० पर्यंतच्या बिलात बसत नाहीत.

नोंदणी क्रमांक छापलेला असला म्हणजे झालं असं नाही. सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात जाऊन तो क्रमांक दाखवा. विश्वस्त कोण, न्यासाच्या उद्देशात वृद्धांचा सांभाळ आहे का, मागच्या वर्षांचे हिशेब दाखल आहेत का, हे तिथे कळतं. क्रमांक भलत्याच भजनी मंडळाचा निघू शकतो. जागेचा सातबारा काढा. मालक दुसराच असेल तर भाडेकरार किती वर्षांचा ते पाहा. दोन वर्षांनी संपणाऱ्या करारावर कोणी आजीव सांभाळ देऊ शकत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा असेल तर तेही तिथेच दिसतं. ज्येष्ठांसाठी बंगलो किंवा फ्लॅट विकत देणार असतील आणि जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठपेक्षा जास्त असतील, तर महारेरा नोंदणी लागते. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

आता करारातल्या फटी. पहिली फट वर्गवारीची. आईला ‘स्वावलंबी’ म्हणून १२,००० ला घेतात. महिनाभरात फोन येतो की आईंना धरून न्यावं लागतं, आता त्या ‘पूर्ण अवलंबी’त गेल्या, महिना २४,०००. ही वर्गवारी कोण ठरवणार, कशावरून ठरवणार, किती दिवस आधी कळवणार, हे लिहून घ्या. अंघोळ, कपडे, संडास, अंथरुणातून खुर्चीत बसणं आणि जेवण, या पाच कामांपैकी किती कामांत मदत लागते यावर टप्पे ठरवता येतात. वर्षाची दरवाढ जास्तीत जास्त किती टक्के, तेही लिहून हवं. दुसरी फट परताव्याची : ‘खोली पुन्हा भरल्यानंतर अनामत परत.’ खोली भरली हे तुम्हाला कोण सांगणार? तिथे ‘सोडल्यापासून ३० दिवसांत’ असं तारखेचं बंधन लिहून घ्या. तिसरी फट मृत्यूनंतरची. करारात कोणाचं नाव नसेल तर कोर्टाचा वारसा दाखला मागून वर्षभर फिरवतात. अनामत कोणाला मिळणार त्याचं नाव आणि खातं पहिल्याच दिवशी करारात टाका. आणि ‘मेडिकल फ्री’च्या नावाखाली आयुष्मान वय वंदना कार्डाचे पैसे मागितले तर देऊ नका. ७० वर्षांवरच्यांना ते कार्ड मोफत आहे आणि योजनेतल्या दवाखान्यात भरती झाल्यावरच कामाला येतं. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यातून मिळत नाहीत.

जागा पाहायला जानेवारीत जाऊ नका. जानेवारीत सगळंच छान दिसतं. मे महिन्यात दुपारी दोनला जा, तेही न कळवता. पारा ४५ च्या घरात असताना पत्र्याखालच्या खोलीत हात लावून पाहा. कूलर असेल तर त्याच्या टाकीत पाणी आहे का ते पाहा. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यात बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. दोन दिवस पाणी कमी पडलं तर माणूस बरळायला लागतो आणि ‘वयामुळे भ्रम झालाय’ म्हणून ते सोडून दिलं जातं. टँकर किती दिवसांनी येतो, लाइट गेल्यावर पंखे कशावर चालतात, हे मालकाला न विचारता स्वयंपाकीण बाईंना विचारा. त्या खरं सांगतात.

दुसरी फेरी रात्री आठला. गोळ्यांचा ट्रे बघायला मागा. प्रत्येकाची नाव लिहिलेली डबी, शेजारी तक्ता, दिलेल्या गोळीसमोर वेळ आणि सही असायला हवी. बिननावाच्या वाटीत सुट्ट्या गोळ्या आणि साडेआठला सगळा हॉल गाढ झोपलेला, असं दिसलं तर रात्रपाळीला माणूस कमी पडतो म्हणून झोपेची गोळी चालू असण्याचा दाट संशय घ्या. अशी गोळी दिलेली म्हातारी पहाटे संडासला उठते, तोल जातो आणि खुबा मोडतो. मग ऑपरेशन आणि कायमचं अंथरूण. प्रत्येक गोळीला डॉक्टरची चिठ्ठी मागणं हा तुमचा हक्क आहे. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलतात का, हे समजायला माकडहाड आणि टाचा पाहा. तिथे लाल डाग असेल आणि बोटाने दाबल्यावर तो पांढरा होत नसेल, तर जखम सुरू झालेली आहे.

एक अट दिसली की आईला तिथे ठेवूच नका : ‘पहिले ३० दिवस भेटायला येऊ नका, म्हणजे त्या रुळतील.’ फोनवर माय ‘माले घर लई चाल’, मला घरी घेऊन चल, म्हणते आणि शेजारून कोणीतरी सांगतं, सुरुवातीला सगळेच असं म्हणतात. खरं आहे, सुरुवातीला बहुतेक जण म्हणतात. म्हणूनच त्या दिवसांत भेट जास्त हवी.

पेन्शनचं एटीएम कार्ड, पासबुक आणि ओटीपी येणारा फोन आश्रमाच्या कपाटात ठेवायला देऊ नका. हयातीचा दाखला चेहरा दाखवून मोबाइलवर काढता येतो, त्यासाठी कार्ड लागत नाही. ‘दवाखान्यासाठी सही लागते’ म्हणून कुलमुखत्यारपत्र करून घेतात, त्यात घर-शेत विकायचा अधिकार घुसडलेला असतो. शेत किंवा घर आश्रमाला लिहून द्यायची वेळ आलीच, तर बक्षीसपत्रातच ‘हयातभर सांभाळाच्या अटीवर’ हे शब्द हवेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ मग आधाराला येतं आणि सांभाळ झाला नाही तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून व्यवहार रद्द करून मिळू शकतो. अट लिहिलेली नसेल तर लढाई फार अवघड होते.

पैसे आधीच गेले असतील तर अनामतीसाठी प्रांत कचेरीत खेटे घालू नका. तिथला पोटगीचा अर्ज मुलांवर आणि नातेवाइकांवर चालतो, आश्रमावर नाही. आधी स्पीड पोस्टाने १५ दिवसांची लेखी मागणी करा. मग ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात ती चालते. मुदत दोन वर्षांची आहे, ‘पुढच्या महिन्यात देतो’ ऐकण्यात ती घालवू नका. आजीव ठेवीची योजना असेल आणि ठेवीदार अनेक असतील तर एकत्र येऊन जिल्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात सेवेच्या रूपाने परत करायची ठेवही धरलेली आहे. बुकिंगचे पैसे ऑनलाइन गेले आणि फोन बंद झाला, तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावा. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

पैशांचं भांडण सुरू करण्याआधी मात्र आईला बाहेर काढा. भांडण एकीकडे आणि आई त्यांच्या ताब्यात, असं होऊ देऊ नका. तिचं मूळ आधार कार्ड, दवाखान्याची फाइल, चष्मा, कवळी आणि शेवटची गोळी किती वाजता दिली त्याची नोंद घ्या. निघताना ‘संपूर्ण हिशेब मिटला’ असं छापलेल्या कागदावर सही मागतील. ती ओळ खोडा, सहीशेजारी ‘अनामत रुपये ४,००,००० येणे बाकी’ असं लिहून तारीख टाका, त्या पानाचा फोटो काढा आणि मग गाडी दारात बोलवा.